तारेबाहेरचे तीन फूट

डोमाजींनी खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं दरबानाची नोकरी केली. काम एकच, तारेच्या कुंपणाबाहेरून चालायचं आणि तार शाबूत आहे का ते पाहायचं. १९८४ साली निवृत्त झाले आणि तिलवारा रस्त्यावर माझ्या शेजारी प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं. मग कुंपण घातलं. दगडी खांब, काटेरी तार, सगळं चोख. फक्त चारही बाजूंनी स्वतःचीच तीन फूट जागा बाहेर सोडून!

"तुमचीच जागा काहून सोडून राहिले जी?" मिस्त्रीने विचारलं.

"गस्तीले जागा लागते. तार बाहेरूनच पाहा लागते."

त्यांच्या बायकोने, मालनबाईंनी, कपाळाला हात लावला. मलाही राग आला होता. इंच इंच जागेसाठी लोक कोर्टात जातात, आणि हा शहाणा फुकट वाटतोय!

मोकळी जागा पाहून कोणाला मोह होत नाही? माझी तुळशीची कुंडी त्या पट्ट्यात सरकली. दुसऱ्या दिवशी डोमाजींनी ती उचलून माझ्या पायरीवर ठेवली, नमस्कार केला आणि पुढे चालू लागले. मी शरमलो. पलीकडचे बाबाराव मात्र शरमणाऱ्यांतले नव्हते. आज गोवऱ्या, उद्या म्हशीचा खुंटा.

"तारेबाहेरची जमीन तुमची कशी?" ते म्हणायचे.

डोमाजी भांडत नसत. खुंटा उपटून त्यांच्या दारात ठेवत. सगळे सांगून थकले, तार सरकवा. नाही म्हणजे नाही. सकाळ-संध्याकाळ, हातात काठी, अकरा वर्षं. त्या वाटेवर गवत उगवेना.

मग त्यांची डावी बाजू लुळी पडली.

तिसऱ्या दिवशी वाटेवर गोवऱ्या आल्या. आठव्या दिवशी खुंटा, आणि त्याला म्हैस. मी भेटायला गेलो तेव्हा डोमाजी खाटेवरून खिडकीबाहेर पाहत होते. उशी ओली झाली होती.

मालनबाई चहा ठेवून वळल्या आणि त्यांनीही ते पाहिलं. अकरा वर्षं त्या पट्ट्याला शिव्या घालणारी ही बाई! त्यांनी पदर खोचला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि बाहेर पडल्या. म्हैस सोडली. खुंटा हलवून हलवून उपटला. दोन्ही नेऊन बाबारावांच्या दारात उभं केलं.

"तुमचा खुंटा राहून गेलता, भाऊ. उद्याबी येतो मी पाहाले."

बाबाराव आत गेले. मालनबाई काठी टेकत कुंपणाबाहेरून चालल्या, माझ्या बाजूनेसुद्धा, आणि घामाघूम होऊन परत आल्या.

डोमाजींची जीभ जड झाली होती. तरी शब्द कळला.

"मागची?"

मागची बाजू राहिली होती. मालनबाईंनी कपाळाला हात लावला, आणि काठी घेऊन पुन्हा बाहेर गेल्या.