सिंकखालचा कॉक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. हिच्याजवळसुद्धा नाही, आणि हिच्याबरोबर संसाराची पस्तीस वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या बिल्डिंगमधले नाही. आणि खरं सांगू? आता कंटाळा आलाय हे बाळगून फिरायचा.

मी पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालो. अख्खी नोकरी व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेली — आधी स्वतःच्या हाताने, मग हाताखालच्या माणसांकडून. ठाकुर्लीत आमच्या सोसायटीत कुणाकडे पाणी चढलं नाही की अजून मलाच हाक मारतात. मी जातो. ऐटीत जातो. खोटं कशाला बोलू?

तर — आमच्या सुनेने, मानसीने, भांडी घासायचं मशीन आणलं. लताबाई तेव्हा चौदा वर्षं आमच्याकडे येत होत्या, विठ्ठलवाडीहून. मानसीने त्यांना काढलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. केरफरशी आणि मोठी पातेली त्यांच्याकडेच राहिली. मशीनला हळदकुंकूसुद्धा लताबाईंनीच लावलं, आणि हिला म्हणाल्या, "काकू, आली बघा माझी सवत!" आम्ही पोट धरून हसलो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, मशीन पाणीच घेईना. बटण दाबलं की नुसतं घुर्र करायचं, मग टूं टूं, आणि नळाच्या चित्राचा लाल दिवा. मी चष्मा लावून पुस्तिका उघडली. पहिलीच सूचना — नळ उघडा असल्याची खात्री करा. मी ती मोठ्याने वाचली आणि हसलो. पाणी खात्यातल्या माणसाला नळ शिकवतायत! सिंकचा नळ सोडून दाखवला, धो धो पाणी. झालं की समाधान? मग पाईप कुठे मुरगळलाय का पाहिलं. जाळी काढून ब्रशने घासली. दार चार वेळा आपटून लावलं. सगळं केलं हो — त्या पहिल्या ओळीतलं तेवढं नीट केलं नाही.

दोन दिवस भांडी लताबाईंनी घासली, हूं की चूं न करता. मला तर त्या खूश दिसल्या. की मला तसं दिसायला हवं होतं? आता नाही सांगता येत.

मंगळवारी मेकॅनिक आला. त्याने सिंकखालचं कपाट उघडलं, लताबाईंची फरशीची बादली बाहेर काढली, आत हात घातला. मशीनच्या पाइपाला मागच्या बाजूला वेगळा छोटा कॉक असतो. तो पूर्ण बंद होता. "कुणी बंद केलाय हा?" त्याने विचारलं.

आणि मला आठवलं.

आमच्याकडे शुक्रवारी पाणी बंद असतं. शनिवारी येतं ते पहिलं पाणी गढूळ, लाइनमधली सगळी माती घेऊन येतं. नव्या मशीनच्या जाळीत ती जाऊ नये म्हणून गुरुवारी संध्याकाळी मीच वाकून तो कॉक बंद केला होता. गुपचूप — कारण माझ्या असल्या सवयींना मानसी हसते. शनिवारी दुपारी उघडायचा, असं ठरवलेलं. शनिवारी आम्ही कल्याणला लग्नाला गेलो, आणि मी साफ विसरलो. तीस-पस्तीस वर्षं व्हॉल्व्ह सांभाळणारा माणूस घरातला एक कॉक विसरला. एवढंच झालं होतं. एवढंच बोलायचं होतं.

सगळे त्या बादलीकडे बघत होते. मी नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ — नाही, तेही वाईटच. पण मी गप्प बसलो नाही. मी हसत हसत म्हणालो, "काय लताबाई, सवतीचं पाणी तोडलंत वाटतं?"

कुणी हसलं नाही. लताबाईंच्या हातात फरशीचं फडकं होतं. "देवाशपथ काका, मी हात नाही लावला," म्हणाल्या. मानसीने मान खाली घातली. आणि मग मी जे केलं, त्याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. मी मोठेपणा दाखवला. "असू दे हो," म्हणालो, "चूक होते माणसाकडून. आम्ही काही मनात ठेवणार नाही."

माझ्याच चुकीबद्दल मी त्यांना माफ केलं — मेकॅनिकसमोर, सुनेसमोर. कळतंय ना तुम्हाला?

लताबाईंनी राहिलेली फरशी पुसली. फडकं पिळून गॅलरीत वाळत घातलं. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "जे केलंच नाही त्याची माफी नको मला, काका." दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. हिने सहज शेजारी सांगितलं, शेजारणीने वर सांगितलं, आणि बिल्डिंगमधली लताबाईंची आणखी दोन घरं सुटली. लिफ्टमध्ये लोक त्यांच्याबद्दल बोलायचे, "वाटत नव्हतं हो तशी." मी मजल्यांचे आकडे बघत उभा राहायचो.

दर गुरुवारी तो कॉक मी अजून बंद करतो. शनिवारी न विसरता उघडतो.

मागच्या महिन्यात विठ्ठलवाडीला एका मुंजीला गेलो होतो. हात धुवायला हॉलच्या मागे गेलो, तर केटररच्या भांड्यांचा ढीग, आणि ढिगाशी लताबाई. बसून टोप घासत होत्या. मला बघून उठल्या, पदराला हात पुसले. काकूंचे गुडघे कसे आहेत, विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि मशीन? चालतं ना नीट?"

त्यात तिरकस काही नव्हतं. चौदा वर्षं ऐकलेला आवाज, मला कळलं असतं. आसपास कुणी नव्हतं. सून नाही, मेकॅनिक नाही, बिल्डिंग नाही. एक वाक्य होतं, तोंडापर्यंत आलेलं.

"हो," म्हणालो. "पाणी घेतं आता."