आईला कोणी विचारलंच नव्हतं

"ही गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टर म्हणाले आणि हातातला रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला. समोर मी आणि माझा मोठा भाऊ बसलो होतो. आई बाहेर बाकावर होती. दादाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "आईला यातलं काही कळू द्यायचं न्हाई." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत शिक्षिका आहे, दिवसभर पोरांना खरं बोला म्हणून दटावते. त्या दिवशी मीही मुकाट्याने मान हलवली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे चालू असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचं काय चुकलं आणि काय सावरलं, ते जसंच्या तसं सांगते.

सुरुवात भाकरीपासून झाली. भाकरीचा घास छातीत अडतो असं आई म्हणायला लागली. मग ती कालवणात कुस्करून खाऊ लागली, मग दुधात, मग नुसतं दूध. आमच्या पारनेरच्या बाजूला दात गेलेली सगळीच म्हातारी माणसं कुस्करून खातात, त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही. घास अडकण्याचं दुखणं वयावर ढकलू नका. एन्डोस्कोपी करून घ्या. त्यात कॅमेरा लावलेली बारीक नळी तोंडातून आत घालून अन्ननलिका पाहतात. आम्ही ती केली तेव्हा उशीर झालेला होता.

ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. अडलेल्या जागी स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे जाळीची छोटी नळी, तिच्यामुळे रस्ता उघडा राहतो. थोडे किरणोपचार झाले. आई पुन्हा पातळ पदार्थ खाऊ लागली, गोठ्यात चक्कर मारू लागली, वहिनीच्या हातच्या आमटीला नावंही ठेवू लागली. आईला आम्ही अल्सर सांगितला होता. गावभर अल्सर. किरणोपचारांना आम्ही "शेक" म्हणायचो. एक खोटं सांभाळायला घरातली सगळी माणसं राबत होती.

पावसाळा संपता संपता आईचे डोळे पिवळे झाले. सोनोग्राफीत गाठी यकृतात पोहोचल्याचं दिसलं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता केमोथेरपीने फायदा कमी आणि हाल जास्त होतील. त्यांनी आम्हाला पॅलिएटिव्ह केअरच्या टीमकडे पाठवलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं, दम, मळमळ, भीती यांवर उपचार करत राहायचं, आणि घरच्यांनाही सांभाळायचं. दादाने त्याचा सरळ अर्थ लावला: "म्हंजी ह्यांनी हात वर केले."

मलाही आतून तसंच वाटलं होतं, हे कबूल करते.

टीममध्ये तिघं होती. डॉक्टर मॅडम, सिस्टर आणि समुपदेशन करणारे एक सर. ती घरी यायची. पहिल्या भेटीत सिस्टरनी आईची पाठ पाहिली, तोंड आतून पाहिलं, पायांना तेल लावत गप्पा मारल्या. सर ओसरीवर दादाशी बोलत बसले. डॉक्टर मॅडमनी आईला विचारलं, "आजी, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न आईला कोणीच विचारला नव्हता. आम्ही तर नाहीच.

आई हसली. म्हणाली, "सून चुलीपाशी रडती, लेक गोठ्यात जाऊन रडतो. अल्सरला कोन एवढं रडतं?"

मी उठून जाऊ लागले तर तिने मला बसवून घेतलं. मॅडमनी तिला सगळं सांगितलं, हळूहळू, मध्ये मध्ये थांबून. आईने एकच विचारलं, लई दुखंल का. मॅडम म्हणाल्या, दुखणं आम्ही आटोक्यात ठेवू, ते आमचं काम आहे. मग आईने तिचं सांगितलं. नळ्या नकोत, मशीन नको, दवाखान्यात अनोळखी माणसांत मरायचं नाही. हे दादाला कोण सांगणार, असं मॅडमनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला इतक्यात नगं. त्याला सोसायचं न्हाई."

आता गंमत बघा. लेक आईपासून लपवतोय, आई लेकापासून लपवतेय, आणि मला दोन्हीकडची शपथ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मॅडमनी आईला सांगितलं की तुमच्या परवानगीशिवाय मी बोलणार नाही, पण तुमच्या मुलाने थेट विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आई म्हणाली, मी सांगन. आणि तिने काही सांगितलं नाही.

दुखणं वाढलं तसं मॉर्फिन सुरू झालं. मॉर्फिन हे अफूच्या झाडापासून मिळणारं जबर वेदनाशामक आहे. अफू हा शब्द ऐकून दादा हबकला. आईला व्यसन लागेल, श्वास बंद पडेल, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो गुपचूप अर्धीच गोळी द्यायला लागला. आई कण्हत राहिली. सिस्टरनी गोळ्यांची पाकिटं पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं. त्या त्याला रागावल्या नाहीत. ठरलेल्या प्रमाणात, ठरलेल्या वेळी दिलं तर जीव जात नाही, दुखणं जातं, एवढं समजावलं आणि पोट साफ राहण्याचं औषध न विसरता सोबत द्यायला सांगितलं, कारण मॉर्फिनने शौचाला खडा होतो. पूर्ण गोळी मिळाली त्या दुपारी आई कितीतरी दिवसांनी कुशीवर वळून झोपली. दादा उंबऱ्यावर बसून तिच्याकडे बघत राहिला.

खरी कसोटी पुढे आली. आईने खाणं सोडलं. स्टेंट उघडा होता, पण तिला इच्छाच उरली नव्हती. मॅडमनी दादाला बसवून सांगितलं की शेवटी शेवटी शरीर अन्न मागत नाही. भूक लागत नाही म्हणून माणूस खात नाही. ओठ ओले ठेवा, मागितलं तर चमचाभर द्या, बळजबरी करू नका, आणि सलाईन लावू नका. ते पाणी शरीराला आता वापरता येणार नाही, ते फुफ्फुसात साचेल. दादाने सगळ्याला हो म्हटलं.

पण लोकांचं तोंड कोण धरणार? आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत. शहाळी, बिस्किटं, मोसंबी. आणि आणलेलं आपल्या डोळ्यांदेखत खाताना पाहिल्याशिवाय उठत नाहीत. आई तोंड फिरवायची. मग बोलणी दादाला. काय रे, म्हातारीला वाऱ्यावर सोडलं का? साधं सलाईनसुद्धा लावत नाहीस? आमच्या भागात सलाईनला फार मान आहे. थकवा आला सलाईन, ताप आला सलाईन, लग्नाच्या धावपळीने नवरदेवाची आई चक्कर येऊन पडली तरी सलाईन. बाटली टांगलेली दिसली की उपचार चालू, नाहीतर माणूस टाकून दिलेला. आमचे चुलते तर सगळ्यांसमोर म्हणाले, "आईला उपाशी मारतोस व्हय रं?"

दादाला ते लागलं. मी दोन दिवसांसाठी भिंगारला, माझ्या घरी गेले होते. त्याने गावातल्या डॉक्टरला बोलावलं आणि खुंटीला बाटली टांगली. एक संपली, दुसरी लावली. पहिल्या दिवशी आईचा चेहरा भरल्यासारखा दिसला. लोक म्हणाले, बघ, तरतरी आली. ती सूज होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. आईला दम लागलाय, छातीत घरघर होतेय, गाडी करून नगरला आणतोय. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा आई ऑक्सिजनच्या मास्कखाली होती. हातपाय टम्म सुजलेले, डोळे विस्फारलेले. आपलं माणूस बुडताना बघावं तसं ते होतं, फक्त कोरड्या खाटेवर. मला दादाचा फार संताप आला.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं की व्हेंटिलेटर लागू शकतो. व्हेंटिलेटर म्हणजे घशातून श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास देणं. त्यांनी हेही सांगितलं की या अवस्थेत एकदा लावला तर निघण्याची आशा फारशी नाही. निर्णय लवकर सांगा.

"लावा," दादा म्हणाला. "काय लागंल ते करा."

तिला ते नको आहे, मी म्हणाले. तिला सगळं माहीत आहे, तिने मॅडमना माझ्यासमोर सांगितलंय. दादा माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी परकी बाई होते. मग म्हणाला, "तू जाशील भिंगारला. गावात तोंड मला दाखवायचंय."

यात खोटं काय होतं? लेकीने काहीही ठरवलं तरी बोल लागतो तो लेकाला. माझा संताप तिथेच ओसरला.

मी मॅडमना फोन केला. त्या आणि समुपदेशन करणारे सर दोघंही आले. आधी मॅडम तिथल्या डॉक्टरांशी बोलल्या. दोघांनी मिळून ठरवलं की साचलेलं पाणी लघवीवाटे काढायचं इंजेक्शन आणि दम कमी होण्यासाठी थोडं मॉर्फिन देऊन बघू, तोवर नळीची घाई करायची नाही. त्याने आईला उतार पडला. ती एकेक शब्द बोलू लागली.

मग सरांनी आम्हा दोघांना बाहेर बसवलं. दादाने विचारलं, "म्हंजी आता तिला मरू द्यायचं?" मॅडम म्हणाल्या, "आजी या आजारानेच जाणार आहेत, दादा. तुमच्या कुठल्याही निर्णयाने हे बदलणार नाही. आणि त्या शुद्धीवर आहेत तोवर हा निर्णय तुमचा नाही, माझाही नाही. त्यांना विचारा."

दादा म्हणाला, "मला न्हाई जमायचं." सर म्हणाले, मी शेजारी उभा राहतो.

तो आत गेला, मीही मागोमाग गेले. खाटेपाशी त्याने आधी तिच्या अंगावरची चादर नीट केली. शेवटी म्हणाला, "आई, तुला कॅन्सर हाय." आईने मास्क जरा बाजूला केला. म्हणाली, "ठावं हाय, बाळा." मग त्याने नळीचं विचारलं. तिने मान हलवली. नको. "घरी ने." दादा तिच्या सुजलेल्या हातावर डोकं टेकवून रडला, गोठ्यात न जाता, सगळ्यांसमोर.

आम्ही तिला घरी आणलं. पुढे पुन्हा दम लागला तर काय द्यायचं, कुणाला फोन करायचा, हे सिस्टरनी वहिनीला आणि मला करून दाखवलं. दवाखाना सोडला म्हणजे उपचार सोडले असं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

आई आल्याचं कळताच भावकी जमली. चुलतेही आले. खुंटी रिकामी दिसली तशी कुजबुज सुरू झाली. आईने दादाला हाताने खुणावलं आणि उशी उंच करून मागितली. मोडक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली. "माज्या लेकानं मला उपाशी ठिवलं न्हाई. मलाच नगं झालंय. माज्या माघारी त्याला कुनी बोलायचं न्हाई."

चुलत्यांनी उठून तिच्या पायांना हात लावला.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. सगळं शांत झालं असं मी म्हणणार नाही. घरघर परत आली, एकदा ती फार घाबरली, तोंडाला वास यायचा, पडून पडून पाठीची कातडी सोलवटली. मरण घरी आलं म्हणून ते सुंदर होत नाही. पण दुखणं हाताबाहेर गेलं नाही आणि ती एकटी नव्हती. भर दुपारी, वहिनी कापसाच्या बोळ्याने तिचे ओठ ओले करत असताना, तिचा श्वास थांबला.

टीमचे उपकार मी कसे फेडू? त्यांनी आईला वाचवलं नाही, ते कुणाच्याच हातात नव्हतं. त्यांनी तिला विचारलं. मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच आहे: आपल्या माणसाला विचारा, आणि त्याला बोलता येतंय तोवर विचारा. ज्याच्यावर उद्या बोल येणार आहे त्याच्यादेखत विचारा.

आईच्या मातीला लांबून आलेल्या एका नातेवाईक बाईंनी दादाला सगळ्यांमध्ये विचारलं, शेवटचं काय खाल्लं रे तिनं? आमच्याकडे या प्रश्नाला खीर, शिरा, निदान दूध असं उत्तर लागतं, आणि ते खोटं असलं तरी चालतं.

"काई न्हाई," दादा म्हणाला. "तिला नको हुतं. आमी विचारलं हुतं."