बांधाच्या दाव्यातली मावशी

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. बी.ए. होऊन मी साताऱ्याच्या कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसायचो. पुण्याच्या लॉ कॉलेजात मोजक्याच जागा. अर्ज यंदा करावा की पुढच्या वर्षी, हा घोळ काही सुटत नव्हता.

तिथे एक मावशी तारखेला यायची. शेताच्या बांधावरून तिचा दिराशी दावा चालला होता. पण दोघं यायची एकाच एसटीनं आणि लिंबाखाली एकाच फडक्यातली भाकरी खायची. खर्डा वाढताना ती दिराला जरा जास्तच वाढायची.

एकदा त्यांच्यातलीच चतकोर खाताना मी म्हणालो, "मावशी, यंदा नंबर लागला नाही तर? थांबतो वर्षभर."

ती खळखळून हसली. "तारीख कोर्टानं द्यायची आस्ती रं. आपुनच आपल्याला कशापायी द्यायची?"

"आन् वकील झालास की माझ्याकडनं हुबा ऱ्हा," दीर म्हणाला.

"वा! भाकरी माझी खाल्लीया त्यानं!"

त्याच दुपारी मी अर्ज टाइप केला.

वकील होऊन परतलो, तेव्हा दावा चालूच होता. वकीलपत्र द्यायला दोघंही माझ्याकडेच आली, एकाच एसटीनं.