काकूंनी नेलेलं चित्र

ती चोरी आठवली की आजही हसू येतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोच्या पश्चिमेला एका लहान गावच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो, आणि खात्यातला एकुलता एक मराठी माणूस.

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी, शाळेतून निवृत्त झालेल्या एका अमेरिकन शिक्षिकेने फिर्याद दिली. दिवाणखान्यातलं व्हिक्टोरियन काळातलं किमती तैलचित्र गायब होतं. कुलूप शाबूत. पाठोपाठ समोरच्या घरातून खबर आली, की साडीवर कोट आणि पायात बर्फाचे बूट घातलेली एक बाई चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चपटं घेऊन गेली. असा चोर शोधायला कितीसा वेळ लागणार? शेजारच्या मराठी काकू त्या शिक्षिका बाईंना रोज गरम वरण नेऊन देत. घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असे.

काकूंच्या घराची झडती घेतली. चित्र नव्हतं. ठाण्यात आणून आरोपीचे कायदेशीर हक्क वाचून दाखवले, तर त्यांनी सरळ कबूल केलं. नेलं मीच, म्हणाल्या, पण कुठे ठेवलं ते संध्याकाळी सांगेन. साहेब भडकले. काकू अजून अमेरिकेच्या नागरिक नव्हत्या; गुन्हा दाखल झाला असता तर त्यांना हा देश सोडावा लागला असता. मी मराठीत परोपरीने समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "हायवे बंद केला का रे? स्नो फार पडतोय."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला ते खटकलं. बाहेर येऊन बाईंना फोन लावला आणि विचारलं, आज रस्त्याने कोण येतंय? त्यांचे दोन्ही मुलगे, बऱ्याच वर्षांनी एकत्र, गाडीने येत होते. मग चित्रात काय आहे ते विचारलं. बाई खुलल्या. एका प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहिलेली हकीकत. आईला उत्सवाला देवळात जायचं होतं, बैल वेळेवर आले नाहीत, म्हणून दोन मुलांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेऊन तिची गाडी ओढली. आईने देवीला मागितलं, यांना सर्वांत चांगलं असेल ते दे. दमलेली मुलं देवळातच झोपली, ती उठलीच नाहीत. काल शेजारणीलाही हे सगळं सांगितलं, बाई कौतुकाने म्हणाल्या.

मी परत काकूंसमोर बसलो. "मुलं पोचेपर्यंत ते चित्र घरात नको होतं ना, काकू?"

त्यांचे डोळे भरले. "मला ती श्रावणबाळं वाटायची रे. शेवट कालच कळला. हिची दोन पोरं एवढ्या बर्फात ड्राइव्ह करत येतायत आणि भिंतीवर हे. अन् देवाजवळ असं मोघम मागतात का? काय हवं ते नीट सांगावं."

साहेबांकडून मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. मुलगे सुखरूप पोचले. काकूंनी मैत्रिणीकडे ठेवलेलं चित्र आणून दिलं, आणि मी बाईंना कारण सांगितलं. बाईंचा राग ओसरला. जन्मभर ही गोष्ट वर्गात शिकवली, म्हणाल्या, पण त्या आईच्या जागी स्वतःला कधी ठेवलं नाही. त्यांनी फिर्याद मागे घेतली आणि काकूंचा हात धरला. "पुढच्या वेळी मुलं निघाली की मीच फोन करीन. येऊन चित्र घेऊन जा."

तेव्हापासून चौकशीत मी उत्तरांइतकंच समोरचा काय विचारतो याकडे लक्ष दिलं. बहुतेक जण वकिलाचं विचारतात, घरच्यांचं विचारतात. दुसरीच्या मुलांच्या रस्त्याची काळजी करत बसलेली आरोपी मला ती एकच भेटली.