घमेलंभर निखारे

आमच्या सोसायटीत ह्यांच्या गाडीला सगळे रुग्णवाहिका म्हणत. एक तर ती पांढरी, आणि वर स्वतःच रुग्ण असल्यासारखी दोन वर्षं पार्किंगमधून हलली नाही. निवृत्त झाल्यावर ह्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढल्या आणि तिचं फिरतं घर करायला घेतलं. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं स्वतःच्या हाताने. मी येता-जाता टोमणे मारायची, पण पत्र्याच्या आतून थर्माकोल बसवताना दुसरं टोक धरायलाही मीच असायची.

गाडी तयार झाली आणि दिवाळीच्या तोंडावर ह्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून आले ते निम्मे होऊन. डॉक्टर म्हणाले, बरे आहेत, हिंडू-फिरू द्या, फक्त थंडी बाधू देऊ नका. मी त्यातलं शेवटचं तेवढं लक्षात ठेवलं.

जानेवारीत हे हट्टाला पेटले. मुळशीला, धरणाच्या कडेला, गाडीत एक मुक्काम करायचाच. मुलाने फोनवर बजावलं, बाबा पुन्हा आजारी पडले तर मी गाडी विकून टाकीन. गाडी गेली असती तर मला दुःख नव्हतं. मला ह्यांना पुन्हा नाकात ऑक्सिजनची नळी घालून पडलेलं बघायचं नव्हतं, बस्स.

म्हणून मी गाडी बंद करत सुटले. काचांना चंदेरी शीट लावली, दाराच्या फटीला स्पंजची पट्टी, ड्रायव्हरच्या मागे जाड गोधडीचा पडदा. छताजवळ ह्यांनी हवेसाठी दोन जाळ्या ठेवल्या होत्या. आपल्या श्वासाचंच पाणी होऊन पत्र्यावरून ठिबकतं, हवा खेळती हवी, असं त्यांनी मला दोनदा समजावलंही होतं. मी दोन्ही जाळ्यांत त्यांचेच जुने पायमोजे कोंबले आणि वर चिकटपट्टी मारली. हे बघत होते, पण काही बोलले नाहीत. आजारपणापासून ते मला कशालाच नाही म्हणत नव्हते. मला वाटायचं, उशिरा का होईना, माणूस शहाणा झाला.

पौडच्या पुढे, पाण्याच्या वरच्या अंगाला एका मावशींची भातखाचरं आहेत. भात निघाला की मोकळ्या खाचरात त्या तंबूवाल्यांना जागा देतात. आम्ही दुपारी पोचलो. मावशींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि वाकून खाली बघितलं.

"वरनं लई केलंय तुमी, पन खालनं उगडंच हाय. गारठा खालनं येतोय."

मग त्यांनी भाताच्या पेंढ्या आणून चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत चारी बाजूंनी रचून दिल्या. हे हरखून म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं."

ऊन डोंगरामागे गेलं तसा पाण्यावरून वारा सुटला. हे जरा पडतो म्हणून आत गेले. मी हात लावून बघितला तर त्यांचे पाय गार. मावशी चुलीपुढे होत्या. "थोडे निखारे घेऊ का?" मी विचारलं. "घे की," त्या म्हणाल्या. मी घमेलंभर निखारे नेऊन ह्यांच्या पायांशी ठेवले, दार घट्ट लावलं आणि निवांत मनाने मावशींकडे पिठलं घोटायला जाऊन बसले.

दहाएक मिनिटांनी मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मालकांना भाईर बशीवलंस व्हय गं ताई, येवड्या वाऱ्यात?"

"नाही हो, आत झोपलेत."

"आन् निखारं?"

"तेही आतच."

मावशींच्या हातातली भाकरी परातीत पडली. "मारतीस का काय मानसाला!" म्हणत त्या अनवाणी धावल्या. मी त्यांच्या मागे. त्यांनी दार ओढलं, घमेलं उचलून खाचरात भिरकावलं. "कोंडल्या जागंत निखारा ठिवत्यात व्हय? धूर दिसत न्हाई म्हून काय झालं!"

हे उठून बसले होते. स्वतःच्या पायांनी खाली उतरले, खुर्चीत बसले. डोकं जड झालंय म्हणाले. मावशींनी त्यांना वाऱ्याच्या तोंडीच बसवून ठेवलं आणि मी अडवलं नाही. हळूहळू डोकं हलकं झालं. मी त्यांच्या अंगावर शाल घातली.

मावशी भाकऱ्यांकडे परतल्यावर मी म्हटलं, "अहो, मला खरंच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," हे म्हणाले.

तीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर काढलेला माणूस. त्यांना माहीत नसेल तर कुणाला असणार?

"तुम्ही जागे होतात?"

"जागाच होतो. म्हटलं उठून बाहेर ठेवावं. पण तू इतक्या मायेने आणलंस. म्हटलं, येशीलच पाच मिनिटांत. तुझं मन कशाला मोडा."

मला असा राग आला की तसा चाळीस वर्षांत आला नव्हता. मी त्यांना मूर्ख म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले, आणि मग तोंडाला पदर लावून रडले. शेवटी मी म्हटलं, "माझं मन मोडलं तर मोडू दे. पण नको तिथे नको म्हणा."

जेवणं झाल्यावर ह्यांनी जाळ्यांमधले पायमोजे ओढून काढले, खिडकी चार बोटं उघडली. आत गार होतं, पण खालून वारा नव्हता. दोन रजया घेतल्या आणि झोप लागली. सकाळी पत्रा कोरडा होता.

मी लवकर उठून आलं, गवती चहा, मिरी घालून काढा उकळला आणि वाफाळता पेला ह्यांच्यापुढे धरला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जरा अडखळले.

"नको," म्हणाले.

मला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. मग पायरीवर बसून तो काढा मी प्यायले, तिखटजाळ होता तरी सगळा.