भिंतीतून जाणारी उडी

बेदाण्याची पिशवी उघडली आणि गंधकाचा उग्र वास नाकात गेला, तशी मामाच्या तासगावच्या, द्राक्षं वाळवायच्या शेडवरची ती उन्हाळ्याची सुट्टी आठवली. शेडला लागून असलेल्या खोलीत मामाच्या मुलाचा, म्हणजे दादाचा, कॉम्प्युटर होता आणि त्यात किल्ल्यातला खजिना शोधायचा एक जुना गेम. तो कमीत कमी वेळात संपवायचं आम्हा दोघांना वेड लागलं होतं. तिसऱ्या बुरुजाच्या भिंतीवर नेमक्या क्षणी पाठमोरी उडी मारली, की गेममधला माणूस भिंतीतून आरपार जाऊन थेट शेवटच्या दारात उतरतो, हे मला सापडलं. दादाला मात्र तो क्षण काही केल्या साधेना. बाहेर बायका जाळ्या हलवून वाळलेला बेदाणा खाली पाडत होत्या, ‘एक, दोन, हाण!’ करत. मी तोच ठेका त्याच्या कानाशी धरला आणि त्याला उडी जमली. “लय भारी गं! पण हे आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे, कुणाला सांगू नगंस,” तो म्हणाला. मी आईलाही सांगितलं नाही. महिन्याभराने इंटरनेटवर दादाने टाकलेला त्या दिवशीच्या उडीचा व्हिडिओ दिसला. वर लिहिलं होतं, ‘माझा शोध’. मागे माझाच आवाज येत होता, ‘एक, दोन, हाण!’ खाली कुणीतरी विचारलं होतं, ही मुलगी कोण? त्याने उत्तर दिलं होतं, ‘बहीण हाय, बघायला बसली होती.’ ही पिशवीही त्यानेच पाठवलीय. मघाशी फोन आला, “राखीला येतीस न्हवं?” “येते की,” मी म्हटलं, “बघायला.”