शांतारामभाऊंची सातवी विहीर

शांतारामभाऊ कुत्र्यांना अहोजाहो करीत आणि कुत्र्यांच्या मालकांना अरेतुरे. "या, बसा वाघोबा. थोडं दुखेल हं, खोटं सांगत नाही," असं कुत्र्याला मऊ आवाजात सांगायचं आणि लगेच मालकावर डाफरायचं, "धर की रे नीट! तुला टोचतोय का?" बोर्ली पंचतनच्या शाळेत मी मास्तर म्हणून नवा रुजू झालो होतो. पहिल्याच आठवड्यात हे संभाषण माझ्या खिडकीखाली झालं आणि आपला शेजारी आहे तरी कोण, हे बघायला मी बाहेर आलो.

भाऊ गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होते; गावाच्या लेखी डाक्तरच. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती, पण गावात वीज नव्हती, आणि कुत्री पिसाळू नयेत म्हणून टोचायची लस तर गार ठेवावी लागे. भाऊ दिघीच्या धक्क्यावर जाऊन मासळीवाल्यांकडून बर्फ मागून आणत आणि थर्मासमध्ये भरून त्यात लसीच्या बाटल्या ठेवत. त्या थर्मासला पापलेटाचा असा काही वास सुटे की गावातली कुत्री आपणहून त्यांच्या मागे लागत. मांजरं तर त्यांच्याही आधी. "बघा मास्तर, गिऱ्हाईक राजी आहे," भाऊ म्हणत, "अडतं ते मालकापाशी."

अडत होतं खरंच. सुई टोचली की कुत्रा भुंकायचा थांबतो, राखणीला निकामी होतो, अशी आवई कुणीतरी उठवली होती. यादी लिहायला मी भाऊंबरोबर हिंडत असे. एकदा येसूआतेच्या अंगणात पोचलो, तर ती ओट्यावर तांदूळ पाखडत बसलेली आणि शेजारी कोंबड्या झाकायचं एक मोठं डालगं उपडं घातलेलं. भाताची दोन खाचरं, चार कोंबड्या आणि हिऱ्या नावाचा कुत्रा, एवढाच त्या एकट्या बाईचा संसार.

"आते, हिऱ्या कुठाय?"

"न्हाय बा. गेला कुठंतरी."

तेवढ्यात डालगं भुंकलं.

"कोंबडी हाय ती," आते म्हणाली. हातातलं सूप थांबलंसुद्धा नाही.

भाऊ डालग्यापुढे वाकले. "येतो बरं का कोंबडीबाई, तब्येतीला जपा." मग मला 'कुत्रा नाही' असं लिहायला सांगितलं. पुढच्या घरापर्यंत आम्ही दोघं हसत होतो.

पुढे हिऱ्याला रानातला कोल्हा चावला. महिन्याभराने हिऱ्या पिसाळला, पाणी पाजायला गेलेल्या आतेच्या हाताला कडकडून चावला आणि तिसऱ्या दिवशी मेला. भाऊंना कळलं तेव्हा ते जेवत होते. तसेच उठले. "चूक माझी, मास्तर," एवढंच म्हणाले, "मी हसलो."

माणसांच्या सुया त्यांना टोचता येत नव्हत्या. त्या अलिबागला, सरकारी दवाखान्यात, पोटात, रोज एक अशा चौदा. एकदा रोग उठला की मग त्यावर औषध नाही. पण आते ऐकेना. कुत्रा चावला की सात विहिरींत डोकावायचं म्हणजे विष उतरतं, ही आमच्याकडची जुनी रीत. "मला विहिरी बास हायेत. पोटात सुया घेऊन का मरू?"

भाऊंनी तासभर वाद घातला आणि मग एकदम शांत होऊन म्हणाले, "बरं. चल, मी पण येतो."

सहा वाड्यांतल्या सहा विहिरी झाल्या. भाऊ प्रत्येक विहिरीत गंभीर चेहऱ्याने आतेच्या बरोबरीने डोकावले. सहावी झाल्यावर म्हणाले, "सातवी खाडीपलीकडची लागते, आते. त्याशिवाय गुण येत नाही." मी दोघांना दिघीपर्यंत सोडायला गेलो. तिथून होडीने आगरदांडा, पुढे मिळेल त्या गाडीने अलिबाग. सातवी विहीर निघाली थेट सरकारी दवाखान्याच्या आवारात!

पंधरा दिवस आते अलिबागलाच भाऊंच्या बहिणीकडे राहिली. दुसऱ्याच दिवशी तिने भाऊंना विचारलं होतं म्हणे, "कुत्र्याला येक आन् मला चवदा? ह्यो कसला न्याय?"

"त्याला वेळेवर एक दिली असती, तर तुला एकही लागली नसती."

आते ठणठणीत परतली. पुढच्या फेरीला भाऊंच्या पुढे तीच चालत होती. कुणाच्या अंगणात डालगं उपडं दिसलं की आधी उचलून बघे. त्या वर्षी गावातलं एकही कुत्रं सुटलं नाही, आणि बरीचशी मांजरंही गोणपाटात गुंडाळून आणली गेली.

दोन वर्षांनी भाऊंची घाटावर बदली झाली. निरोप द्यायला सगळा गाव स्टँडवर आला होता. भाऊ आतेच्या पाया पडले आणि चाचरत म्हणाले, "आते, मी तुला फसवलं. खाडीपलीकडच्या विहिरीचं सगळं मीच रचलं होतं."

"म्हाईत हाय. सात विहिरी मी हिऱ्या चावला त्याच सांजेला बघून आलेले. तुज्यासंगं हिंडले ती दुसऱ्यांदा."

भाऊंनी विचारलं, "मग अलिबागला कशाला आलीस?"

"भरल्या ताटावरनं उठून आलेलास रं डाक्तरा. मी मेले असते तर जलमभर सोताला खात बसला असतास. म्हनून घेतल्या चवदा."

भाऊ पुन्हा एकदा तिच्या पाया पडले आणि गाडीत चढले. गाडी सुटेपर्यंत आते त्यांना, गाडीत नीट बस, खिडकीतून हात बाहेर काढू नकोस, असं सांगत राहिली.